हमरियातली ओर्ला

माझ्या मुलीला सगळे रेवू म्हणतात. तिचा बाबा तर रेवडी म्हणतो. शीलाताई एकट्या तिला ‘रेवा’ म्हणतात. पुरतं, दोन्ही अक्षरं नीट उच्चारून, वर्गात बाई हजेरी घेतात तसं. शीलाताई म्हणजे माझी नणंद, स्वरूपची मोठी बहीण, म्हणजे रेवाची आत्या. आत्यानं भाचीला लाडाचं नाव ठेवलं नाही असं मी तरी कुठं पाहिलेलं नाही. आणि या तर खालच्या गल्लीतल्या मांजरीलासुद्धा तीन-तीन नावांनी बोलावणाऱ्या.

रेवा झोपली की मला लिहायला बसता येतं, आणि हल्ली बसले की शीलाताईच आठवतात.

त्या कुडाळजवळच्या एका गावातून लग्न होऊन थेट मस्कतला आल्या. त्याला पंचवीसेक वर्षं झाली. तानाजीभाऊजी एसी मेकॅनिक. तेव्हापासून ते दोघं हमरियात, म्हणजे इथल्या जुन्या वस्तीत, त्याच इमारतीत, त्याच दुसऱ्या मजल्यावर राहतात. खाली यूनुसचं शिलाईचं दुकान आहे, त्याच्या मशीनचा आवाज दिवसभर जिन्यातून वर येतो. आम्ही अल हैलला राहतो, समुद्राच्या बाजूला, नवीन इमारतीत. स्वरूप कितीदा म्हणाला, ताई, आता इकडे या राहायला. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असतं, “तुमच्या लिफ्टीत माझो जीव घुसमटता. आणि शेजारी कोण राहता ता तुमका तरी म्हायत आसा काय?” माझ्याशी बोलताना त्या पुस्तकी मराठी बोलायचा प्रयत्न करतात, कारण मी सांगलीची आणि एम.एस्सी. झालेली. पण दोन वाक्यांच्या पुढं ते टिकत नाही. मालवणी येतेच.

त्यांना मूल झालं नाही. डॉक्टर झाले, कुणकेश्वराला नवस बोलून झाला, मग त्या घरात तो विषयच थांबला. मी लग्न होऊन आले तेव्हा स्वरूपनं मला एवढंच सांगितलं होतं, “ताईला मुलांबद्दल विचारू नकोस. ओर्लाबद्दल विचार. मग दोन तास तुला काही करावं लागणार नाही.”

ओर्ला त्यांच्याकडे आली ती एसीमुळे. भाऊजी एका आयरिश बाईंच्या घरी गॅस भरायला गेले होते. ऊना तिचं नाव, शाळेत शिकवायची. नवरा तेलाच्या कामावर आत वाळवंटात, आठवडेच्या आठवडे घरी नसायचा. बाळ, म्हणजे ओर्ला, तीन महिन्यांचं, ऊनाची रजा संपत आलेली, आणि बाळ सांभाळायला ठेवलेली बाई अचानक काम सोडून गेलेली. भाऊजी शिडीवर उभे, खाली बाळ टाहो फोडतंय, आणि बाळाची आई बाळाबरोबर रडतेय. भाऊजींनी शिडीवरूनच सांगितलं, “मॅडम, माय वाइफ होम. व्हेरी गुड वाइफ. बेबी लाइक.”

ही गोष्ट ते अजून सांगतात आणि दर वेळी शीलाताई विचारतात, “बेबी लाइक म्हणजे काय? माका बाळ आवडता, की मी बाळासारखी आसंय?”

“दोन्ही,” भाऊजी म्हणतात.

दुसऱ्या दिवशी ऊना बाळाला घेऊन हमरियात आली. जिना चढून घामाघूम झालेली. शीलाताईंनी आपलं नाव सांगितलं तर ती हसायलाच लागली. तिच्या आजीचं नाव शीला होतं. त्यांच्याकडे ते नाव जुनं, ओळखीचं. शीलाताईंना त्यात खूण दिसली. त्या बाळ हातात घेत म्हणाल्या म्हणे, “बघा, मी तुमच्या घरातलीच.”

मग चार वर्षं ती मुलगी सकाळपासून दुपारपर्यंत हमरियात वाढली. तांबूस जावळ, उन्हात लगेच लाल होणारे गाल. भाऊजींनी डक्टच्या वर्कशॉपमध्ये पाइप वेल्ड करून पाळण्याचा स्टँड बनवला, त्याला शीलाताईंनी आपल्या आईच्या लुगड्याची झोळी बांधली. मुलगी पेज प्यायला शिकली, काटे काढलेला बांगडा खायला शिकली. दीड वर्षाची झाली तेव्हा कुठं ऊनाच्या लक्षात आलं की आपली मुलगी जी बडबडते ती नुसती बडबड नाही, ती कुणाची तरी भाषा आहे. घरी जेवताना ताट पुढं करून ती ओरडायची, “माका होया!” मला हवंय. ऊना घाबरून हमरियात विचारायला आली, की हिला काय होतंय?

स्वरूप त्याच सुमारास नोकरीला मस्कतला आला, सुरुवातीला ताईकडेच राहायचा. तो सांगतो, “मी दुपारी जेवायला आलो की दारात ही गोरीपान पोर कमरेवर हात ठेवून उभी. म्हणायची, खंय गेल्लस? मला गावाची आठवण यायची ती त्या पोरीमुळे, ताईमुळे नाही.”

ओर्लाच्या बाबाचं कंत्राट संपलं आणि ते लोक परत गेले. शीलाताई विमानतळावर गेल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, मुलीनं कमरेला मिठी मारली असती, मग सुटली नसती, आणि त्या लोकांचं विमान चुकलं असतं. पहिली दोनेक वर्षं फोन यायचे, नाताळात कार्ड यायचं. मग कुणाचा तरी नंबर बदलला, कुणाचा तरी पत्ता, आणि सगळं थांबलं. कुणाची चूक अशी नव्हती. पाळणा प्लास्टिकमध्ये गुंडाळून गच्चीत गेला.

आमचं लग्न झालं, मग दोनदा मला दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही. तिसऱ्या वेळी पाच महिने निभले तेव्हा कुठं आम्ही कुणाकुणाला सांगायला लागलो. मुलगी आहे हेही इथं डॉक्टर सांगतात, त्यामुळे तेही माहीत होतं. त्या दिवसांत शुक्रवारी सकाळी आम्ही मवालेहच्या मंडईत जायचो. मंडई तेव्हा अजून तिथंच होती. शीलाताई सोबत असायच्या, कारण त्यांच्याशिवाय नारळ घ्यायची स्वरूपची हिंमत नव्हती.

शेवग्याच्या गाळ्यापाशी मी गमतीनं विचारलं, “शीलाताई, आत्या तुम्ही. नाव काय ठरवलंय?”

त्यांनी एक शेंग वाकवून बघितली. “आधी सुखरूप सुटका होऊ दे.”

“तरी पण.”

“शिवांगीला रेवा आवडतं,” स्वरूप माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला. “तुझी काय हरकत नसेल तर.”

शीलाताई शेंगा निवडतच राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “माझ्या मनात ओर्ला होता.”

स्वरूपनं ढकलगाडी थांबवली. “ओर्ला परब? ताई, अख्खी भावकी विचारेल, वाटण्या होऊन काय उरला?”

“विचारू देत. सोन्याची राजकन्या असो अर्थ आसा. ऊनान सांगितल्यान. तुझ्या नावाचो अर्थ काय? आरशात बघ, मगे कळतला.”

आम्ही तिघं हसलो. भाजीवाला पोऱ्यासुद्धा हसला, काही न कळता. पण हसता हसता मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या शेंगांची जुडी उगाच परत परत बांधत होत्या. आठ वर्षांत त्यांनी आमच्याकडे कधी काही मागितलेलं नव्हतं. आणि हे तर मागणंसुद्धा नव्हतं. नाव ठेवायचा मान आत्याचाच. बाळाच्या कानात तिनं सांगितलं ते नाव. त्या ते हक्कानं ठेवू शकत होत्या, तरी शेवग्याच्या गाळ्यावर माझी परवानगी घेत होत्या.

मी म्हटलं, “बघू.”

माझ्या मनात काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण ते नावाच्या विचित्रपणाचं नव्हतं. शाळेत हसतील, पासपोर्टवर कसं दिसेल, हे प्रश्न होतेच, पण त्यांना उत्तरं होती. मी फोनवर आईला सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “परक्याचं नाव ठेवायला हरकत नाही गं. पण ज्याचं ठेवायचं त्याचं बरं झालेलं असावं. त्या पोरीचं पुढं काय झालं?”

कुणालाच माहीत नव्हतं.

मी लॅबमध्ये काम करते. जंतू मोजते, रिपोर्टवर सही करते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही असं मी कुणालाही सांगेन. पण दोनदा हातातून गेलेलं असलं की माणूस विश्वास नसलेल्या गोष्टींनाही घाबरतो. त्यात रेवा दोन महिने आधीच जन्मली. काचेच्या पेटीत, नळ्यांमध्ये, माझ्या तळहातापेक्षा थोडी मोठी. त्या पेटीबाहेर बसून मी त्या दुसऱ्या मुलीचा विचार करायचे, जिला मी कधी पाहिलेलं नव्हतं. ती जिवंत आहे ना? तिचं काही वाईट झालं असेल आणि ते नाव माझ्या मुलीला चिकटलं तर? वेडेपणा होता. कळत होतं, तरी तोच विचार.

लॅबमधली माझी मैत्रीण सिंथिया भेटायला आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. सिंथिया वसईची. ती आधी पोटभर हसली. “तुझ्या नणंदेनं आमच्या गोटातलं नाव उचललं की गं! माझ्या मुलीचं नाव मी जाई ठेवलं तर बाप्तिस्म्याला फादरनी दोनदा विचारलं, नक्की ना? आता तू ओर्ला ठेव, म्हणजे फिट्टंफाट.” मग माझा चेहरा बघून ती गंभीर झाली. “एवढी भीती वाटते तर शोध ना तिला. पूर्वी मस्कतला राहून गेलेल्या लोकांचे ग्रुप असतात. फोटो टाक.”

बाळ घरी आलं. बारावा दिवस तर इस्पितळातच गेला होता, म्हणून बारसं घरी आल्यावर सव्वा महिन्यानं करायचं ठरलं. शीलाताई रोज सकाळी अल हैलला यायच्या, बाळाला न्हाऊ घालायच्या, शेक द्यायच्या. मी त्यांना शोधायचं विचारलं, तेव्हा त्यांचा हात बाळाच्या पाठीवर थांबला.

“खंय मिळतला आता? सोळा वर्षांचा झाला आसतला.” मग पुन्हा तेल लावत म्हणाल्या, “नको गो. कित्याक त्रास.”

पण दुसऱ्या दिवशी येताना पर्समधून एक फोटो घेऊन आल्या. हमरियाची गच्ची, मागं डिश अँटेना, तरुण शीलाताई आणि त्यांच्या कमरेवर लाल गालांची मुलगी, तोंडाला काहीतरी माखलेलं. तो फोटो मी टाकला.

आठवडा गेला नसेल, ऊनाचा निरोप आला. सगळा उद्गारचिन्हांनी भरलेला. ओर्ला छान आहे, उंच झाली आहे, शाळेच्या संघात खेळते. शीला कशी आहे? बोलता येईल का? मी तो निरोप स्वरूपला वाचून दाखवला आणि त्याच क्षणी माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. मुलगी धडधाकट होती. नावाला काही लागलेलं नव्हतं. खरं तर इथंच थांबायला हवं होतं. मला जे हवं होतं ते कळलं होतं. पण मला वाटलं, शीलाताईंना किती आनंद होईल.

शनिवारी दुपारी कॉल ठरवला. व्हॉट्सअॅपचा कॉल इथून लागत नाही, म्हणून लॅपटॉपवर गूगल मीट लावलं. शीलाताई लग्नकार्याला नेसतात तसली साडी नेसून आल्या होत्या, केसांत मोगरा, हातात डबा. डब्यात तळलेला बांगडा.

“तो काय लॅपटॉपमधून देणारेस?” स्वरूप म्हणाला.

“दाखवतंय नुसतो,” त्या म्हणाल्या. “वळखात ता.”

ऊना पडद्यावर आली, केस पांढरे झालेले, आणि दोघी एकदम रडायला आणि हसायला लागल्या. माझी काही गरजच नव्हती. पंचवीस वर्षं मस्कतमध्ये काढून शीलाताईंना इंग्रजी सगळं समजतं, बोलताना अडखळतात एवढंच. मग ऊनानं मागं वळून हाक मारली आणि ओर्ला आली.

उंच, सडपातळ मुलगी. केस आखूड कापलेले आणि काळे रंगवलेले. तांबूस काहीच उरलेलं नव्हतं. ती छान हसली. म्हणाली, “हाय शीला! मम्मीनं तुझ्याबद्दल खूप सांगितलंय.”

शीलाताई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. “केवढा मोठा झाला गो माझा बाय! माका वळाखलंस?”

मुलीनं आईकडे बघितलं. नम्रपणे, मदतीसाठी. ऊना घाईनं म्हणाली, “चार वर्षांची होती ना, तिला तिथलं काही आठवत नाही.” आणि मग, “पण थांब, ती एक गंमत सांग ना, होया!”

तेव्हा कळलं की त्यांच्या घरी जेवताना अजून सगळे ‘होया’ म्हणतात. बटाटे होया, सॉस होया. ओर्लाचा धाकटा भाऊ, जो मस्कतला जन्मलासुद्धा नव्हता, तोही म्हणतो. ओर्ला डोळे मोठे करून म्हणाली, “ते तुझ्याकडून आलंय? मला वाटायचं मी लहानपणी स्वतःच बनवलेला शब्द आहे.”

शीलाताईंनी मान हलवली. डबा त्यांच्या मांडीवर तसाच बंद होता.

मग मी मध्ये पडले. गप्प राहवेना म्हणून. मी म्हटलं, आमच्याकडे आत्या बाळाचं नाव ठेवते आणि शीलाताईंच्या मनात आमच्या मुलीचं नाव तुझ्यावरून ठेवायचं आहे.

ओर्ला खळखळून हसली. “ओर्ला? अरे देवा, बिचारी! आमच्या वर्गात तीन ओर्ला आहेत. मला ते कधी आवडलंच नाही.” ऊनानं तिला टपली मारली, मुलगी “सॉरी, सॉरी” म्हणाली, तिला खरंच वाईट वाटलं. सोळा वर्षांच्या कुठल्याही मुलीनं म्हटलं असतं तेच ती म्हणाली होती. माझ्या चुलतभावाची मुलगी स्वतःच्या नावाबद्दल याहून वाईट बोलते.

शीलाताईही हसल्या. सगळ्यांबरोबर, सगळ्यांएवढ्याच. बाळ दाखवून झालं, पुन्हा बोलायचं ठरलं, कॉल संपला. स्वरूपनं बांगडा गरम केला आणि आम्ही तो खाल्ला.

“काळे कित्याक केल्यान केस?” एवढंच त्या जाताना म्हणाल्या. “एवढे सोन्यासारखे होते.”

आता हे नीट सांगायला हवं, कारण यापुढं जे झालं त्यात कुणी कुणाशी भांडलेलं नाही. मी त्याच संध्याकाळी स्वरूपला म्हटलं, ओर्लाच ठेवायचं. माझी भीती गेली होती, आणि शीलाताईंचा बंद डबा माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हता. निदान एका घरात तरी त्यांना ते नाव रोज हाक मारायला मिळू दे. स्वरूप खूश झाला. तो म्हणाला, तर मग आपण ताईला सरप्राइज देऊ. त्यानं बारशासाठी पाटी करून घेतली, मोठी, थर्माकोलची सोनेरी अक्षरं, वरून गुलाबी ओढणी टाकायची आणि आत्यानं नाव सांगितलं की ओढायची.

शीलाताईंना आम्ही काही सांगितलं नाही. नाव पक्कं ठरलं की बारशाआधी ते तोंडातून काढायचं नसतं, ते पहिल्यांदा बाळाच्या कानात पडलं पाहिजे, असं आमच्या दोन्ही घरांत मानतात. त्यांनीही विचारलं नाही, याच कारणानं. त्या रोज येत होत्या, बाळाला न्हाऊ घालत होत्या, नुसतं ‘बाळ’ म्हणत होत्या. एकदा मी म्हटलंसुद्धा, “शीलाताई, तुमच्या मनात आहे तेच होईल हं.” त्या म्हणाल्या, “होय गो होय.” मला वाटलं, समजलं.

बारशाच्या शुक्रवारी भाऊजी गच्चीतला तो पाळणा घेऊन आले. पाइपांना पांढरा रंग दिलेला, झोळी मात्र तीच, धुऊन इस्त्री केलेल्या लुगड्याची. आमच्या हॉलमध्ये वीसेक बायका होत्या, लॅबमधल्या, शेजारच्या, कोकणातल्या चार-पाच. पाळण्याच्या खालून वरून बाळाला देवाची नावं घेत इकडून तिकडे दिलं. सिंथिया पहिल्यांदाच बघत होती, तिनं बाळ इतकं घट्ट धरलं की तिच्याकडून काढून घ्यावं लागलं. मग शीलाताई पाळण्यात वाकल्या. बाळाच्या कानाशी ओठ नेऊन ‘कुर्र’ केलं आणि नाव सांगितलं. त्यांची पाठ आम्हा सगळ्यांकडे होती. बायकांनी ठरल्याप्रमाणे त्यांच्या पाठीत गुद्दे घातले, सिंथियानं तर जीव खाऊन घातला. “अगो मेल्ये, हाड मोडशील!” शीलाताई ओरडल्या. सगळ्या हसल्या.

“सांगा, सांगा! नाव सांगा!”

शीलाताई उभ्या राहिल्या. पदर नीट केला. माझ्याकडे बघून, खूप प्रेमानं हसून म्हणाल्या, “रेवा.”

आणि त्याच क्षणी स्वरूपनं ओढणी ओढली.

सोनेरी अक्षरांत ‘ओर्ला’. खाली फुलांची माळ, दोन्ही बाजूंना फुगे. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती, त्या मध्येच थांबल्या. बायका पाटीकडे बघायच्या, मग शीलाताईंकडे, मग माझ्याकडे. स्वरूपच्या हातात ओढणी तशीच. शीलाताईंनी ती पाटी वाचली. त्या वाचायला थोडा वेळ घेतात, त्यामुळे ते सगळं मला दिसलं, एकेक अक्षर त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना.

सिंथियाच पहिली बोलली. “काय हरकत आहे? आमच्यात दोन-दोन नावं असतात.” लोक हसले, सुटल्यासारखे. भाऊजींनी खुर्चीवर चढून पाटी उतरवली. “यल्ला, पेढे वाटा,” ते म्हणाले, “सप्लायरन माल चुकीचो पाठवल्यान, दुसरा काय.” पाटी कुठं गेली मला माहीत नाही. नंतर आमच्या घरात ती सापडली नाही.

स्वयंपाकघरात मी त्यांना गाठलं. त्या घुगऱ्यांच्या पातेल्यावर झाकण ठेवत होत्या. मी म्हटलं, “शीलाताई, हे काय केलंत? आम्ही तुमच्यासाठी...”

“माका काय म्हायत?” त्या म्हणाल्या. “तू म्हणालंस, मनात आसा ताच होतला. माझ्या मनात मगे तुझाच नाव होता.”

“पण का?”

त्या हसल्या. “ता ओर्लाच म्हणाला ना, बिचारी. जेचा नाव तेका नको, ता आमच्या चेडवाक कित्याक?” जिचं नाव तिलाच नको, ते आपल्या मुलीला कशाला. झाकण नीट बसत नव्हतं. त्यांनी ते दोनदा फिरवलं. “आणि रेवा बरा आसा. सुटसुटीत.”

मी म्हटलं, अजून दाखला काढायचाय, आपण बदलू. त्यांनी मान हलवली. “एकदा कानात सांगितला, खलास. तेना ऐकलाय.”

मुलगी आता दीड वर्षाची आहे. मी कामावर जाते आणि दिवसभर रेवा हमरियात असते, त्याच घरात, त्याच पाळण्याच्या बाजूला खेळते. शीलाताई तिला जिवापाड सांभाळतात. वजन चांगलं भरलंय, गाल वर आलेत. पण माझ्यासमोर तिच्याशी त्या मालवणी बोलत नाहीत. सरळ, पुस्तकातली मराठी बोलतात. ‘रेवा, पाणी पाहिजे का? रेवा, इकडे ये बघू.’ मी एकदा म्हटलं, तुम्ही तिच्याशी तुमचं बोला ना, मला आवडेल. त्या म्हणाल्या, “नको. पुढे इंग्लिश शाळेत जायचंय तिला. आणि विसरायचंच असतं तर शिकवायचं कशाला?” हे त्यांनी पुस्तकी मराठीतच सांगितलं, एकदाही न घसरता.

ऊना अधूनमधून निरोप पाठवते. शीलाताई ते मला वाचायला सांगतात, फुलांचं चित्र उत्तर म्हणून पाठवायला सांगतात. पुन्हा कॉल करू या का, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांना काहीतरी काम होतं. पूर्वी त्यांच्याकडची ओर्ला चार वर्षांची होती, दारात कमरेवर हात ठेवून उभी. मी नीट चाललेल्या घरात शिरून तिला सोळा वर्षांची करून टाकलं. आता ती गोष्ट त्या सांगत नाहीत. कुणी नवीन पाहुणं आलं की भाऊजी शिडीपर्यंत सांगतात आणि तिथंच थांबतात.

मागच्या आठवड्यात मी लवकर सुटले. यूनुसचं दुकान बंद होतं, मशीन थांबलेलं, त्यामुळे जिन्यात एरवी कधी नसते तशी शांतता होती. मी दुसऱ्या मजल्यावर पोचले आणि आतून शीलाताईंचा आवाज आला. भरभरून, चढ्या सुरात, मालवणीत काहीतरी चाललं होतं, मध्येच हसणं, आणि मग त्यांनी कुणाला तरी लाडानं हाक मारली. पहिलंच अक्षर माझ्या कानावर पडलं आणि माझा हात दाराला लागला. आवाज बंद झाला. दार उघडलं तेव्हा त्या आंबा कापत होत्या, रेवा समोर बसलेली, तोंड पिवळं.

“लवकर आलीस?” त्या म्हणाल्या. मग मुलीकडे वळून, “रेवा, आई आली बघ.”

रेवानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं शीलाताईंपुढं हात पसरला. “होया,” ती म्हणाली.

शीलाताई लाल झाल्या. “पाहिजे म्हणायचं, रेवा. पाहिजे.”

“होया!”

त्यांनी कोय तिच्या हातात दिली आणि पाठ वळवून सुरी धुवायला लागल्या. त्यांनी कुठलं नाव घेतलं होतं ते मी विचारलं नाही. अक्षर तर मी ऐकलं होतं. पण त्या माझ्यासमोर ते कधीच पूर्ण करणार नाहीत, आणि यात मी काही करू शकत नाही. जे माझ्याकडून दोन शब्द बोलून झालं असतं ते पाटी लावून झालं नाही.

एवढंच करते. हल्ली हमरियाचा जिना चढताना मी चपला वाजवत जाते. पहिल्या मजल्यावर थांबून मोठ्यानं खोकते, पर्समध्ये किल्ल्या उगाच खुळखुळवते. आत जे चाललं असेल ते संपवायला त्यांना वेळ मिळावा म्हणून.